आठवा महिना गाळणारा मुलूख

वऱ्हाडात जायचं तर माघात जावं. कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते, तुरीची कापणी संपत आलेली असते, सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी ती कुठे ठेवली हे आठवत नाही. मी वर्षानुवर्षं तिथे राहिलो, तिथेच बालरोगतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलं आणि म्हातारपणी लेकीकडे पुण्याला आलो. त्यामुळे या खेपेला मी पाहुणा होतो. पाहुण्याला आपलंच गाव जरा जास्त स्पष्ट दिसतं.

निमित्त अकोल्याच्या अन्वरचं होतं. डॉ. अन्वर आणि मी नागपूरला एका वर्गात, एका खोलीत. पुढे त्याने अकोल्यात दवाखाना काढला, मी अमरावतीत. दोघांकडेही अपुऱ्या दिवसांची बाळं येत. अशा बाळाच्या मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र अजून पुरतं तयार झालेलं नसतं. बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. ओठ निळसर होतात, काळजाचे ठोके मंदावतात. तळव्यावर टिचकी मारली की बहुतेक वेळा ते पुन्हा श्वास घेतं. या विसरण्याचा मेंदूवर पुढे काय परिणाम होतो, हा प्रश्न अन्वरने तरुणपणी धरला आणि सोडला नाही. त्याची बाळं शाळेत गेली, कॉलेजात गेली, काहींची लग्नं झाली. तो त्यांना दर हिवाळ्यात बोलावतो, मणी ओवायला देतो, गोष्ट सांगून परत सांगायला लावतो. आता मोठमोठ्या ठिकाणचे संशोधक त्याच्या अंगणात खुर्च्या टाकून बसतात.

त्याचा निरोप आला: "मेळाव्याले ये. तुह्यी जुनी बाळंही कामात घेऊन राहिलो. दोन्ही दवाखाने मिळून मोठं काम होईल. तुहं नाव माह्या नावासोबत येईल."

मी गेलो तो हेव्यापोटी. त्याचं कौतुक खरं आहे का, हे डोळ्यांनी पाहायचं होतं. दुसरंही एक कारण होतं. माझी जुनी बाळं त्याच्या कामात जाऊन चालणार नव्हती. का, ते मला एकट्याला ठाऊक होतं. ते त्याने काम छापायला धाडण्याआधी सांगायचं होतं, आणि सांगायची छाती होत नव्हती.

अमरावती

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा मुलीने ठरवून दिलेली गाडी उभी होती. ड्रायव्हर प्रमोद, चांदूर बाजारचा. पोरगेला नव्हे, चांगला दोन लेकरांचा बाप.

"साहेब पुण्याचे का?"

"नाही, मी इथलाच."

"बोलनं तर तिकडचं वाटून राहिलं."

पुण्याच्या चार वर्षांत माझी भाषासुद्धा मला सोडून गेली होती, आणि अन्वरची बघा: इतके परदेशी पाहुणे येऊनही तो "काहून बे" म्हणूनच विचारतो.

गावात शिरल्यावर आधी गिला वडा खाल्ला. पुण्यात मी या पदार्थाचं वर्णन करतो तेव्हा लोकांना वाटतं दहीवडाच असेल. तो नव्हे. उडदाचा गरम वडा ताकात बुडतो, वर झणझणीत तर्री पडते, आणि खाणाऱ्याच्या नाकातून पाणी येईपर्यंत दुकानदार "अजून टाकू का?" विचारत राहतो. मी दोनच खाल्ले. प्रमोदने चार. त्याचं पोट बघूनही मला हेवा वाटला. या वयात हेव्याला फार निवडक राहता येत नाही.

माझा दवाखाना होता तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. आतल्या खोलीत, जिथे बाळं उबेत ठेवायचो, तिथे काचा बदलून देतात. मी बाहेरूनच पाहिलं. प्रमोद म्हणाला, "उद्या अकोल्याले कोनाकडे?" मी नाव सांगितलं.

"अन्वर डॉक्टर!" त्याने गाडी जवळजवळ थांबवलीच. "माह्या बहिनीची पोरगी त्यायचीच. एवढीशी होती, तळहातावर मावे. आता सातवीत पहिली येते. त्यायच्या दवाखान्यात पाय ठेवला की मानूस अर्धा बरा होते, साहेब."

"माझ्याकडेही यायचे लोक," मी म्हणालो.

"हो का? काय नाव मनलं तुमचं?"

मी परत सांगितलं. त्याने सभ्यपणे मान हलवली.

एकेकाळी उलटं होतं. डॉक्टरांच्या एका सभेत आम्ही दोघांनी आपापल्या बाळांची हकीकत वाचली होती. माझी सातव्या महिन्यातली बाळं क्वचितच श्वास थांबवत, लवकर घरी जात आणि वर्षभरात दुडुदुडु चालत. अन्वरची सातव्या महिन्यातली बाळं पुन्हा पुन्हा श्वास थांबवत. काही गेली, काही उशिरा बोलली. मी सांगितलं की ऊब आणि शांतता नीट ठेवली तर या बाळांवर फार दिवस पाळत ठेवायची गरज नाही. टाळ्या पडल्या. एक बुजुर्ग अन्वरला म्हणाले, "अमरावतीला जाऊन बघून या, हे कसं करतात ते."

आणि तो आला. वर्गात कायम माझ्या वर नंबर असलेला अन्वर माझ्या दवाखान्यात येऊन उभा राहिला, माझ्या नर्सला प्रश्न विचारत राहिला. आयुष्यात तेवढे काही दिवस मला त्याचा हेवा वाटला नाही.

शेंदूरजनाघाट

दुसऱ्या दिवशी, अन्वरसमोर जाणं टाळत, अकोल्याच्या उलट दिशेला निघालो. प्रमोदला वाटलं म्हाताऱ्याला संत्री घ्यायची आहेत. चांदूर बाजारला त्याच्या घरी चहा झाला. वरूडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा लागतात. झाडं इतकी लगडलेली की फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. ट्रॅक्टर, मालट्रक, क्रेटांचे डोंगर, आणि हवेत सालीचा तिखट गोड वास. मागे सातपुडा निळा. पुण्यात आपण संत्रं विकत घेतो तेव्हा ते थकून आलेलं असतं. इथे ते झाडावरून हातात येतं आणि साल हात लावताच सुटते.

कमलाबाईंचं घर बागेतच आहे. त्यांचा नातू गजानन माझ्या दवाखान्यात वाढला. सून बाळंत झाली तेव्हा पोर ओंजळीएवढं होतं. आता तो सहा फुटी आहे आणि संत्र्याच्या व्यापाऱ्याशी फोनवर भांडत होता.

"डॉक्टरसाहेब आले वो!" कमलाबाई ओरडल्या. ऐंशीच्या पुढच्या, पण आवाज तोच. "किती वाळले बाप्पा! पुन्याले खायाले देत नाई का?"

त्यांनी रोडगे लावले होते. गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, राख झटकून तुपात मोडतात आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी खातात. भाजीवर मूठभर सांबार. पुण्याच्या माणसाला सांबार म्हटलं की इडलीशेजारची वाटी आठवते. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. एक रोडगा माझ्या हातून राखेत परत पडला. गजाननच्या बायकोने तो हसत उचलला. ती गरोदर होती, दिवस भरत आलेले दिसत होते.

"कितवा?" मी सवयीने विचारलं.

"आठवा," ती म्हणाली, आणि कमलाबाईंनी तिच्या दंडावर चापट मारली.

"चूप! सातवा हाये." मग माझ्याकडे वळून, "सोनोग्राफीवाले काय बी सांगतात."

गजानन फोन ठेवून हसायला लागला. "आजी, आता कागदावर छापून येते ना व. कोनाले फसवतं?"

"आठव्याचं नाव घेऊ नये घरात. सातव्याचं लेकरू जगते, आठव्याचं जगत नाई. मी का आजची हाय? तुह्या वक्ती बी सातवाच सांगतला होता डॉक्टरसायबाले." त्या माझ्याकडे पाहून गोड हसल्या. "नववा मनावं तं तू ओंजळीएवढा. मंग सातवा मनलं. आन् साहेबाले सारं मालूम होतं. बारशालेच मी सांगतलं ना वो तुमाले? तुमी किती हासले होते!"

प्रमोद वांग्याची भाजी वाढून घेत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याला काहीच कळलं नव्हतं, पण माझा घास थांबला होता.

हे मला लिहायचं आहे. हसलो होतो खरा. घरी परतताना मात्र हसू ओसरलं. कमलाबाईंसारखी सगळीच घरं होती. आमच्या मुलखात महिने मोजताना आठवा गाळतात. माझ्या दवाखान्यातल्या सातव्या महिन्याच्या बाळांतली कितीतरी आठव्यातली होती. तेवढ्या चार-पाच आठवड्यांत बाळाचा मेंदू श्वास घ्यायला पुष्कळच शिकलेला असतो. माझ्या हाताला यश नव्हतं. माझ्या बाळांचं वय चुकीचं होतं. मी घरच्यांना विचारून महिना लिहीत असे. अन्वर विचारत असे, पण विश्वास ठेवत नसे. तो बाळाचा तळपाय उजेडात धरून रेषा बघे, कानाची पाळी दुमडून ती किती लवकर उलगडते ते बघे आणि मग महिना लिहीत असे. त्याची सातव्या महिन्याची बाळं खरोखर सातव्याची होती. म्हणून ती वाईट दिसली.

बारसं सभेच्या आधी झालं होतं. मी तरीही वाचलं. तो शिकायला आला तेव्हाही बोललो नाही.

निघताना कमलाबाईंनी गाडीत संत्र्यांचं पोतं टाकलं. "त्या अकोल्याच्या डॉक्टरले द्या. लय नाव ऐकलं त्यायचं," त्या म्हणाल्या. तिथेसुद्धा.

अकोला

अन्वरचं घर मला कधीच आवडलं नाही, कारण ते फार आवडण्यासारखं आहे. अंगणात कडुनिंब, निंबाखाली बाजा, बाजेवर कोणी ना कोणी पेशंटचा आजोबा आडवा. भाभींनी दार उघडलं.

"आईये भाईजान, बसा. आत्ताच तुमची आठवण काढून राहिले होते. सांगत होते, मध्या आला की पयले संत्र्याचा भाव सांगेल."

अन्वर आतून आला. माझ्याच वयाचा, पण जिना चढतो. माझ्या गुडघ्यांना कडकड आवाज येतो. त्याच्या गुडघ्यांना काहीच आवाज येत नाही. त्याच्या मागे दोन तरुण डॉक्टर होते, मुंबईहून आलेले, आणि ते त्याच्या तोंडातून पडणारा शब्द असा झेलत होते की मला माझ्या घरचं जेवणाचं टेबल आठवलं, जिथे मी बोलायला लागलो की नातू कानात काहीतरी घालतो.

"काय बे मध्या, पुन्यात राहून गोरा झाला तू!"

"तू तर तसाच काळा."

"पक्का रंग आहे. धुतल्यानं जात नाही."

दुपारी खिचडा झाला, गहू, डाळी आणि मटण एकजीव होईपर्यंत शिजवलेला, भाभींच्या हातचा. तरुण मंडळी उद्याच्या मेळाव्याच्या तयारीला गेली. आम्ही दोघं निंबाखाली बसलो. अन्वर संत्रं सोलत होता, एकेक फोड माझ्या पुढ्यात ठेवत होता. तो कामाबद्दल बोलत होता. श्वास थांबण्याने मेंदूला इजा होते, की आधीच नाजूक असलेला मेंदूच श्वास जास्त थांबवतो, हे वेगळं करणं फार अवघड आहे, असं तो म्हणाला. त्यासाठी वेगवेगळ्या दवाखान्यांतली, वेगवेगळ्या सवयींतली बाळं लागतात.

"म्हणून तुह्यी बाळं पाहिजेत. तुह्याकडे सातव्याची असून श्वास कमी थांबले. काहून, ते समजलं की अर्धं कोडं सुटलं."

"कोडं नाही ते," मी म्हणालो. "ती आठव्याची होती."

मग सगळं सांगितलं. कमलाबाई, बारसं, सभा. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे, फार जुनी गोष्ट. किंवा म्हणेल, मला माहीत होतं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. त्याने हातातलं अर्धं संत्रं साल टाकायच्या ताटलीत ठेवलं आणि हात पुसले.

"मी आलतो ना तुह्याकडे?"

"हो."

"तवा मालूम होतं तुले?"

"हो."

"मी परत येऊन तुह्यासारखं करत होतो, मध्या." त्याचा आवाज चढला नाही. "तू बाळं लवकर पाळतीवरून काढतं, मी बी काढायले लागलो. माह्या नर्सा नाही म्हणत होत्या. मी म्हटलं, अमरावतीवाला करते तर आपल्याले काय झालं? आपला हातच वाईट आहे, म्हटलं. आपनच भेदरट आहो. चांगले काही महिने केलं. मंग एका पोरीनं खोलीत कोनी नसताना श्वास थांबवला. किती वेळ, ते कोनाले मालूम नाही. त्या दिवशी पुन्हा पाळत सुरू केली."

मला हे माहीत नव्हतं. तो माझं पाहून गेला एवढंच मी धरून चाललो होतो. तो माझ्यासारखं करेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. कसं येणार? तो माझ्यासारखं कशाला करेल? मीच आयुष्यभर त्याच्यासारखं व्हायला बघत होतो.

"ती पोरगी..."

"उद्या भेटंल तुले. संगीता." तो उठला. "माह्या हाताले मी किती वर्षं शिव्या देल्या, भैताडा."

तो आत गेला. त्याचा राग स्वच्छ होता, कुठेही स्वतःची दया नाही, ओरडणं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याच्या रागाचाही हेवा वाटला. माझ्या मनात इतकं नितळ काही कधी उमटलं नव्हतं.

मेळावा

मेळावा एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पालक, आज्या, पोट्टेपाट्टे, आणि मोठी झालेली बाळं, काही आपापली लेकरं कडेवर घेऊन. दारात एक तरुण बाई सगळ्यांना संत्री वाटत होती, कमलाबाईंच्या पोत्यातलीच. तिचा एक पाय जरा ओढत होता आणि शब्द सावकाश येत होते, पण ती एकालाही संत्रं न देता सोडत नव्हती.

"तुमी... कोन?" तिने मला विचारलं.

अन्वर माझ्या शेजारी होता. सकाळपासून तो माझ्याशी बोलला नव्हता. "संगीता, हे माह्ये दोस्त," तो म्हणाला. "कोन आहे ते त्यायलेच सांगू दे. सगळ्यायले."

त्याने मला माइकपर्यंत नेलं. मी सांगितलं की मी अमरावतीचा डॉक्टर, माझ्याकडे घरच्यांनी आठव्याला सातवा सांगितला, मला ते कळलं, आणि तरी मी ते माझं यश म्हणून मिरवलं. माझ्यावर विसंबून अन्वर डॉक्टरांनीही काही महिने बाळांवरची पाळत लवकर उठवली. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. संगीताकडे पाहून हे बोलायचं होतं. पुरतं पाहवलं नाही, पण बोललो. तिचे वडील पहिल्या रांगेत होते. ते खाली मान घालून बसले होते. त्यांनी ती वर केली नाही.

मग मागून एक आजी उठली.

"डॉक्टरसाहेब," ती अन्वरला म्हणाली, "आमचा बी आठवाच होता. म्या सातवा सांगतला तुमाले."

"मालूम आहे," अन्वर म्हणाला. "मी तळपाय पाहून आठवाच लिहिला होता."

"हाय माय!" आजी मटकन खाली बसली. हॉलमध्ये हशा पिकला. आणखी एक उठली, मग एक आजोबा, "आमचा बी, आमचा बी." अन्वर प्रत्येकाला "लिहिलं आहे, लिहिलं आहे" म्हणत होता. हसत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मी संगीताच्या वडिलांजवळ गेलो. त्यांनी विचारलं, "तवा पाळत असती तं पोरगी वेगळी झाली असती का?"

"ते कोणालाच सांगता येत नाही," मी म्हणालो. "कदाचित हो. कदाचित नाही."

"अन्वर डॉक्टर बी तेच मनतात. तीस वर्सं झाले तेच मनतात." ते उठले, मुलीचा हात धरला आणि गेले. नमस्कार केला नाही. करायलाही नको होता.

निघायच्या दिवशी अन्वर गाडीपर्यंत आला. भाभींनी दशम्या आणि चटणी बांधून दिली होती. प्रमोद गाडी पुसायचं सोंग करत सगळं ऐकत होता.

"तुह्यी बाळं कामातून काढली," अन्वर म्हणाला. "पन फेकनार नाही. तू एकेका घरी जाय. खरा महिना विचार. मले सांगनार नाहीत, तुले सांगतील. तुह्यावर त्यायचा जीव होता."

"तू माफ केलं का?"

"ते मंग पाहू. आधी महिने आन." तो खिडकीवर हात ठेवून वाकला. "अन् एक खरं सांग, मध्या. अजून काही लपवलं का?"

मी विचार केला. आता काहीच राखून ठेवायचं नव्हतं.

"हेवा," मी म्हणालो. "कॉलेजपासून."

अन्वरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला त्याच्याच घराचा पत्ता सांगतो आहे.

"तो तू लपवला होता," त्याने विचारलं, "हे तुले कोनं सांगितलं बे?"

मग त्याने गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि प्रमोदला म्हणाला, "स्टेशनले नको नेऊ. शेंदूरजन्याले ने. संत्रेवाल्या म्हातारीपासून सुरू करू दे त्याले."